गाणं घरचं, कान भाड्याचे

चेन्नईत घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर जाणकाराचं मत घ्यायला किती पैसे लागतात, आणि ते कधी खर्च करावेत?

हेडफोनवर सुरेख वाटणारं गाणं गाडीत लावलं की बास धडधडतो आणि फोनच्या स्पीकरवर तोच बास गायब होतो. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक करतात. गाणं ओळखीच्या वीस जणांना पाठवतात, नाहीतर थेट कुणाला तरी मिक्सिंग-मास्टरिंगचं काम देऊन टाकतात. पहिल्यात कौतुक मिळतं, दुसऱ्यात बिल. मधला एक स्वस्त टप्पा मात्र राहून जातो. एखाद्या मिक्सिंग इंजिनिअरचा तासभर वेळ विकत घ्यायचा, गाणं ऐकवायचं आणि फक्त मत घ्यायचं. मिक्स त्या दिवशी करून घ्यायचंच नाही.

याचं कारण साधं हिशेबाचं आहे. रिकाम्या, घुमणाऱ्या खोलीत गायलेला आवाज मिक्समध्ये पुरता कोरडा करता येत नाही. पुन्हा गायला एक संध्याकाळ लागते. तोच दोष मिक्समध्ये झाकायला इंजिनिअरचे तास जातात. मास्टरिंगपर्यंत पोहोचला तर तो फक्त मोठ्यानं ऐकू येतो. म्हणून मतासाठीचे पैसे मिक्सच्या आधी मोजावेत.

घरच्या रेकॉर्डिंगचं या शहराला अप्रूप नाही. ए. आर. रहमान यांनी 1989 मध्ये घराच्या आवारातच ‘पंचतन रेकॉर्ड इन’ हा स्टुडिओ उभा केला आणि ‘रोजा’चं (1992) संगीत तिथूनच आलं. पण तिथेही ध्वनिमुद्रण आणि मिश्रण पाहायला एच. श्रीधर यांच्यासारखा स्वतंत्र कानाचा माणूस होता. घरगुती गाण्यात नेमकी हीच जागा रिकामी असते.

आधी फुकटची तपासणी

जे दोष स्वतःला सापडू शकतात, त्यांच्यासाठी पैसे मोजू नका.

एक, गाणं मोनोमध्ये ऐका. दोन्ही बाजूंना पसरवलेली गिटार किंवा कोरस मोनोत बारीक झाला, तर फेजचा घोळ आहे.

दोन, आपल्या गाण्याच्या जवळपासचं, बाजारात आलेलं एखादं गाणं शेजारी ठेवून तुलना करा. पण दोन्हींचा आवाज सारखा करून. कमी आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं. त्यामुळे मोठ्यानं वाजणारं गाणं आपोआप भरदार वाटतं आणि तुलना फसते. यूलीन लाउडनेस मीटरची फुकट आवृत्ती आवाज मोजायला पुरते.

तीन, अतिशय हळू आवाजात ऐका. त्या पातळीला गायकाचा आवाज आणि ताल दोन्ही टिकले पाहिजेत.

चार, आणि चेन्नईतल्या मराठी गायकासाठी सर्वांत मोलाचं: ज्यानं गाण्याचे शब्द वाचलेले नाहीत अशा मराठी माणसाला गाणं ऐकवा आणि ऐकू येईल तसं लिहून काढायला सांगा. इथले इंजिनिअर तमिळसोबत तेलुगू, मल्याळम, कन्नड गाणीही सराईतपणे हाताळतात. कंप्रेशन, रिव्हर्ब, बास यांत भाषा आड येत नाही. पण मराठी न कळणाऱ्याला एखादं अक्षर वाद्यांत बुडालंय हे कळणार कसं? ही तपासणी पुण्यातली मावशी फोनवरून करून देईल.

कुणाकडे जावं

कोडंबाक्कम, वडपळणी, साळिग्रामम हा पट्टा चित्रपटांच्या स्टुडिओंचा. एव्हीएम वडपळणीला, प्रसाद साळिग्राममला. मोठ्या नावांच्या आसऱ्यानं आजूबाजूच्या गल्ल्यांतही लहान स्टुडिओ चालतात. एका खोलीचा स्टुडिओ सांभाळणारा, पण वर्षभर गाणी मिक्स करणारा इंजिनिअर आपल्या कामाला सगळ्यांत योग्य. चित्रपटाच्या मोठ्या मिक्स थिएटरची आपल्याला गरज नसते.

पैसे फारच कमी असतील तर विद्यार्थी गाठावेत. तरमणीच्या एम. जी. आर. शासकीय चित्रपट संस्थेत आणि साळिग्राममच्या एल. व्ही. प्रसाद अकादमीत ध्वनीचं शिक्षण दिलं जातं; रहमान यांनी 2008 मध्ये सुरू केलेल्या के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरीतही संगीत-तंत्रज्ञान शिकवतात. विद्यार्थ्याला नमुन्यादाखल काम हवं असतं. त्याचं मत थोडं पोथीतलं असेल, पण तो गाणं चारदा ऐकेल.

निवडताना एकच कसोटी लावा: त्यानं मिक्स केलेली, आपल्या जातीची तीन गाणी ऐकायला मागा. भावगीताला ढोल-ताशाच्या गाण्याचा माणूस नको आणि उलटही नको.

वेळही पाहा. डिसेंबरच्या मध्यापासून मार्गळी महिन्यातल्या कर्नाटक संगीताच्या मैफली सुरू होतात, त्यांना लागून पोंगलचे सिनेमे येतात. या दिवसांत घाईचं काम मागितलंत तर भावही घाईचा मिळेल. जानेवारी सरला की बोलणी सोपी जातात.

त्या तासात काय विचारायचं

‘कसं वाटलं?’ असं विचारलंत तर ‘नाइस, सर’ एवढंच उत्तर मिळेल. प्रश्न बांधून न्या:

• यातलं काय मिक्समध्ये सुधारेल आणि काय पुन्हा रेकॉर्ड करावंच लागेल?
• आवाजात खोली ऐकू येते का? कोणत्या ओळीत जास्त?
• बास आणि ढोलक एकमेकांच्या अंगावर येतात का?
• ‘स’, ‘श’, ‘च’ कानाला टोचतात का?
• एकच गोष्ट बदलायची, तर कोणती?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी तासाचे पैसे वसूल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर समोरच लिहून घ्या. ‘गरम’, ‘मोठं’, ‘प्रोफेशनल’ असले शब्द आले तर ‘कुठल्या मिनिटाला?’ एवढं विचारा.

सोबत प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल न्या. सगळ्या फाइल एकाच शून्य बिंदूपासून सुरू होणाऱ्या, 24 बिट वेव्ह स्वरूपात, मास्टरवरचा लिमिटर काढून. आवाजाची एक फाइल कोरडी, एक इफेक्टसह. 48 किलोहर्ट्झवरचा 24 बिटचा मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण 8.6 एमबी घेतो. म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याचे असे वीस ट्रॅक 700 एमबीच्या आत बसतात. गाण्याची लय, पट्टी, शब्द आणि त्यांचा इंग्रजीतला अर्थ एका कागदावर द्या. करुण ओळीवर उसळता ढोल का नको, हे इंजिनिअरला त्यातून कळेल.

पुन्हा गायचं ठरलं तर पंखा आणि एसी दोन्ही बंद ठेवावे लागतात. एप्रिल-मेमध्ये हे फक्त पहाटे जमतं. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात कंडेन्सर माइक दमट हवेपासून जपून, बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

किती पैसे धरायचे

खालची तीन अंदाजपत्रकं बोलणी सुरू करण्यासाठी आहेत. ती कुठल्या स्टुडिओचं दरपत्रक नव्हेत.

*2,500 रुपये:* सल्ल्याचा एक तास 1,500. सुधारणेनंतर पुन्हा ऐकवायला अर्धा तास 750. उरलेले 250 जाण्यायेण्याला. मिक्स स्वतः करायचं. मास्टरिंगसाठी बँडलॅबवरची फुकट स्वयंचलित सोय वापरून पाहता येते. ती गाणं मोठं आणि थोडं घोटीव करते. पण दुसऱ्या कडव्यात आवाज बुडाला आहे, हे सांगत नाही.

*10,000 रुपये:* सल्ला 1,500, मिक्स 6,000, मास्टरिंग 1,500, आणि 1,000 राखीव. पहिल्यांदा गाणं प्रसिद्ध करणाऱ्याला हा मार्ग बरा. राखीव रक्कम ठरलेल्या फेऱ्यांपलीकडच्या एका दुरुस्तीसाठी.

*25,000 रुपये:* सल्ला 2,000, गायकाचा आवाज स्टुडिओत पुन्हा घ्यायला तीन तास, तासाला 1,200 प्रमाणे 3,600, मिक्स 12,000, मास्टरिंग दुसऱ्या माणसाकडून 3,500. बेरीज 21,100. त्यावर 18 टक्के जीएसटी 3,798 धरला तर 24,898. मास्टरिंग वेगळ्या माणसाकडे देण्याचा फायदा हा की मिक्स करणाऱ्याच्या सरावलेल्या कानाला जे जाणवेनासं झालं, ते या दुसऱ्या माणसाला पहिल्या फेरीतच कळतं.

परदेशी इंजिनिअरला डॉलरमध्ये पैसे देणार असाल तर ऑनलाइन मंचाचं शुल्क आणि कार्डाचा परकीय चलन आकार धरूनच तुलना करा. अनेक कार्डांवर हा आकार 2 ते 3.5 टक्के असतो आणि त्यावर जीएसटी निराळा.

एका ठिकाणी पैसे वाचवा: ‘जास्त लाउड’ मास्टरसाठी वेगळे मोजू नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी उणे 14 लफ्सच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास आणून वाजवतं. तुमचं गाणं उणे 8 असेल तर ते 6 डेसिबलनं खाली ओढलं जाईल. दाबून-दाबून मोठं केल्याचे तोटे तेवढे गाण्यात उरतील. ट्रू पीक उणे 1 डेसिबलच्या खाली ठेवायला सांगा, तेवढं पुरे. डॉल्बी अ‍ॅटमॉसचा आग्रह झाला तर पहिल्या गाण्याला नम्रपणे नाही म्हणा.

कोट हातात आल्यावर

काम ठरवताना हे मुद्दे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी घ्या:

• दुरुस्तीच्या फेऱ्या किती? दोन किंवा तीन ठरवून घ्या. एका फेरीत सगळ्या सूचना एकदम, वेळेच्या आकड्यांसह द्यायच्या.
• आवाजाचं सूर लावणं आणि ताल सरळ करणं दरात धरलंय की त्याचे वेगळे पैसे?
• हातात काय-काय मिळणार: 24 बिटचा मास्टर, मास्टरिंगपूर्वीचं मिक्स, आणि मायनस वन, म्हणजे गायकाचा आवाज वगळलेलं गाणं. कार्यक्रमात गायचं असेल तर मायनस वन आजच मागा. सहा महिन्यांनी मागितलंत तर जुनं सेशन उघडण्याचेही पैसे लागतील.
• गाण्याचे हक्क तुमचेच राहणार, इंजिनिअरचं नाव श्रेयात येणार.
• आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त नको.
• बिलात जीएसटी असेल तर जीएसटी क्रमांक हवाच. नोंदणी नसलेल्याला तो आकारता येत नाही.

बिघडलं तर

मिक्स आवडलं नाही, ही तक्रार कुठेच टिकणार नाही. आवडीनिवडीला सेवेतली त्रुटी म्हणत नाहीत. पण कबूल केलेल्या दोन फेऱ्या दिल्या नाहीत, आगाऊ पैसे घेऊन फाइल दिल्या नाहीत, तारीख उलटून महिने गेले, तर ती त्रुटी आहे आणि लेखी बोलणं हाच पुरावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं झालं, तर मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असताना तक्रारीला शुल्क लागत नाही. मात्र हे ग्राहक म्हणून; गाणं निव्वळ धंद्यासाठी करून घेतलं असेल तर समोरचा तोच मुद्दा काढेल.

थांबायचं कुठे

मतं गोळा करण्यालाही मर्यादा हवी. एकमेकांशी न बोललेल्या तिघांपैकी दोघांनी एकाच ठिकाणी बोट ठेवलं तर ते दुरुस्त करा. एकट्यानं सांगितलेलं वहीत राहू द्या, पुढच्या गाण्याला उपयोगी पडेल. अपवाद इंजिनिअरच्या ‘पुन्हा रेकॉर्ड करा’ या सल्ल्याचा. तो एकट्यानं दिला तरी ऐकावा, कारण पुढचं काम नाकारूनच तो तसं सांगत असतो. आणि गाणं प्रसिद्ध करायची तारीख पहिल्या बैठकीआधीच ठरवा. तारीख नसलेल्या गाण्याचं मिक्स संपत नाही, बिलं मात्र येत राहतात.