येशूकडे गाऱ्हाणं

बाय, काल तू फोन ठेवलास आणि मी ओट्यावर तशीच बसून राहिले. पोरांच्या पप्पांच्या बायपासची तारीख ठरली, पैशांची जुळवाजुळव झाली, रक्त द्यायला कोण येणार तेही ठरलं. एवढं सगळं निभावणारी तू अडलीस कुठे, तर थोरलीच्या एका प्रश्नाशी. "मम्मी, रोज माळेवर तेर्स केला तर पप्पा नक्की बरे होणार ना?" तू "हो" म्हणालीस, आणि मग बाथरूमचं दार लावून मला फोन केलास.

"हो" म्हणालीस म्हणून मी रागावले नाही गो. मीही एकदा म्हणाले होते. त्याचं पुढे काय झालं ते तुला कधी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून आज बसलेय.

तौक्ते वादळाचा तो रविवार आठव, 16 मे 2021. तू लॉकडाऊनमुळे गोरेगावात अडकलेली, मी इथे विजयदुर्गात. चर्चं बंद, मिस्सा मोबाइलवर. प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण होता. फादर येशू ढगांत गेल्याचं सांगत होते आणि आमचा, तेव्हा आठ वर्षांचा, खिडकीतून बाहेरचे ढग बघत होता. ते ढग कोणी वर जावं असे नव्हतेच. मिस्सा अर्धी व्हायच्या आत लाईट गेली ती पुढे कितीतरी दिवस आली नाही. माडाच्या झावळ्या कौलांवर आपटत होत्या, उरलासुरला हापूस झाडाखाली खच पडला होता. खाडीत होड्याच होड्या. आपलं बंदर वाघोटनच्या खाडीत आत वळलेलं, म्हणून वादळात परमुलखातल्या नौकाही निवाऱ्याला इथे शिरतात. पण निवारा तरी किती पुरणार? तिकडे देवगडला नांगरलेल्या नौका बुडाल्या, खलाशी गेले, हे आम्हाला मागाहून कळलं.

त्या रात्री पोरगा मला बिलगून विचारतो, "आये, आपल्याक काय होवचा नाय ना?" मी म्हटलं, नाही रे राजा, येशू आहे ना. आणि एवढ्यावर थांबायचं सोडून, शहाणपण करायला गेले. आपल्या किल्ल्याजवळ पाण्याखाली दगडी भिंत आहे ना, तिची गोष्ट सांगितली. वरून दिसत नाही, पण शत्रूची गलबतं येऊन तिच्यावर फुटायची म्हणतात. येशू तसाच, म्हटलं. दिसत नाही, पण आपल्याभोवती असतो. मला वाटलं, काय छान जमलं! धर्मशिक्षणाच्या वर्गात दोत्रीन शिकवणाऱ्या सिस्टरना पण सुचलं नसतं.

पोरगा गप्प राहिला. मग म्हणतो, "मगे इंग्रज आयले तेव्हा भिंत खंय होती?"

शाळेची सहल किल्ल्यावर गेली होती, तिथे ऐकलेलं त्याने. 1756 साली इंग्रजांचं आरमार आलं, तुळाजी आंग्र्यांची गलबतं जळाली, किल्ला पडला. भिंत होती तिथेच होती. आता बोला! काळोखात मला हसूही आलं आणि पोटात गोळाही. आठ वर्षांच्या पोराने माझी उपमा एका वाक्यात बुडवली.

खरी परीक्षा तीन दिवसांनी आली. शेजारच्या घरातला बाप्या दुसऱ्या बंदरातल्या नौकेवर खलाशी होता. तो परत आला नाही. त्यांचा मुलगा आणि आमचा एकाच वर्गात, एकाच सायकलवर. त्याच्या बायकोने, आपल्या वहिनींनी, रामेश्वराला नवस बोलला होता, मी तेर्स सांगत होते. दोघींच्या घरात एकाच वेळी मेणबत्ती आणि समई. तरी नाही आला.

तेव्हाही मी गोष्टच सांगितली बघ. माणूस घाबरला की गोष्टीमागे लपतो. सेंट झेवियरचा कुरूस वादळात समुद्रात पडला आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर कुर्लीने तो नांगीत धरून आणून दिला, ती दंतकथा. आपल्या जाळ्यात कधीमधी येते ना, पाठीवर खुरसाची खूण असलेली कुर्ली? ती दिसली की मांय हीच गोष्ट सांगायची. पोराला आवडते, म्हणून सांगितली. तर तो म्हणाला, "कुर्लेन कुरूस हाडल्यान, मगे तेच्या पप्पाक कित्याक नाय हाडल्यान?" आणि माझं तोंड उघडायच्या आत दुसरा प्रश्न, हळू आवाजात, जसा काही शेजारी ऐकतील, "तेंचो देव वायलो म्हणान?"

त्यांचा देव वेगळा म्हणून? बाय, त्या प्रश्नाने मी हादरले. आपल्या वाडीत आपलं एकच ख्रिस्ती घर. त्याच वहिनींनी तू लहान असताना तुला मांडीवर घेतलंय, नाताळच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जातात, गणपतीचे मोदक आपल्याकडे येतात. आणि माझ्या पोराच्या डोक्यात हे आलं कुठून? कोणी बाहेरून घातलं नव्हतं. मीच घातलं होतं. "येशू आपल्याला सांभाळतो" हे मी इतक्या वेळा म्हटलं होतं, की ज्यांना सांभाळलं नाही ते "आपले" नसणार, हा हिशोब त्याने स्वतःच मांडला. पोरांचा हिशोब चोख असतो. आकडे आपण चुकीचे देतो.

त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात मी बायबल काढलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल', तुझ्याकडेही आहे, धूळ झाड आणि काढ. मार्कचा चौथा अध्याय, शेवटचा भाग. ही गोष्ट आपल्याला तोंडपाठ, म्हणूनच आपण ती नीट वाचत नाही. वादळ उठतं, होडीत पाणी भरतं, आणि येशू नाळेकडे नाही, मागे वरामात उशीवर डोकं ठेवून झोपलेला. पोरगा म्हणाला, झोपलेलो? इतक्या वादळात? मी म्हटलं, हो, झोपलेला. मग शिष्यांनी काय केलं? त्यांनी हात जोडून गोड प्रार्थना केली नाही. गदागदा हलवून उठवलं आणि तोंडावर विचारलं, की आम्ही मरतोय आणि तुला त्याचं काहीच नाही?

आमचा लगेच म्हणाला, "म्हणजे गाऱ्हाणा घातल्यानी!"

बाय, तो शब्द मला सुचला नसता. देवळासमोर गाऱ्हाणं घालतात ते तू लहानपणापासून ऐकलंयस, "बा देवा म्हाराजा" करून, हक्काने, मोठ्याने, घरातली सगळी रड सांगून. मागणंही त्यात, तक्रारही त्यातच. आपल्या प्रार्थनांत मागणं राहिलं आणि तक्रार कधीतरी गळून पडली. येशूसमोर पोरांनी शहाण्यासारखं बोलावं म्हणून आपणच ती काढून टाकली असावी. खरं तर ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याकडे कोण गाऱ्हाणं घालतं?

आणि त्याच अध्यायात अर्धी ओळ आहे, जी मी आयुष्यभर वाचून कधी पाहिली नव्हती. त्या होडीबरोबर दुसऱ्याही होड्या होत्या. त्यांत कोण होतं, ते कोणाला मानत होते, मार्क काही सांगत नाही. पण समुद्र निवळला तो त्यांच्यासाठीही निवळला. पोराला ती ओळ मी बोट ठेवून दाखवली. तो म्हणाला, म्हणजे तेच्या पप्पाची होडीय तेंतूच? म्हटलं, हो, तीही त्यातच.

मग तो का नाही आला, हे त्याने विचारलंच. मी पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. म्हटलं, माका ठावक नाय रे. मलाही राग आलाय. उद्या आपण दोघं मिळून विचारूया. आणि मग मला रडू आलं आणि मी ते पुसलं नाही. लाझरस मेला तेव्हा येशूही रडला होता, हे त्याला दोत्रीनमधून ठाऊक होतंच.

आता तुझं. थोरलीला दिलेला "हो" परत घ्यायचा कसा, हा तुझा प्रश्न. तिला जवळ घे आणि सांग, की मी काल घाईत बोलले. डॉक्टर खूप हुशार आहेत, अशी ऑपरेशनं रोज होतात, बरे होण्याची आशा मोठी आहे. येशूकडे आपण रोज मागणार. पण मागितलं की मिळतंच असं नसतं. हे ऐकून ती घाबरेल असं तुला वाटतं ना? मग तिला गेथसेमनीची बाग सांग. येशूनेही त्या रात्री बापाकडे मागितलं, हा प्याला टळू दे म्हणून, घामाघूम होऊन. आणि टळला नाही. पोरांना हे कळलं की केवढा फरक पडतो, तुला सांगते. न मिळणं म्हणजे आपली प्रार्थना कमी पडली, आपण कालच्या तेर्सात पेंगलो म्हणून पप्पांना काहीतरी झालं, हा भुंगा त्यांच्या डोक्यातून निघतो. तुझी थोरली त्याच वयाची आहे. ती मनातल्या मनात स्वतःलाच दोष देईल, आणि तुला सांगणारही नाही.

झेवियरच्या कुर्लीची गोष्टही सांग, मी त्या गोष्टीशी वैर धरलेलं नाही. फक्त पुढचं पण सांग. तोच झेवियर 1552 च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर तापाने फणफणत वारला. पलीकडे नेणाऱ्या होडीची वाट पाहत होता. ती होडी आली नाही. 3 डिसेंबरला आपण त्याचा सण करतो तो याच मरणाचा. होडी आली नाही, तरी त्याने येशूला सोडलं नाही आणि येशूने त्याला, एवढं पोरांना पुरतं. पोरं आपल्यापेक्षा जास्त पचवतात.

काही वाक्यं मात्र घरात येऊ देऊ नकोस. भेटायला येणारे बोलणारच, सासूबाईंच्या मैत्रिणी तर नक्कीच. "देव आपल्या आवडत्यांना लवकर बोलावतो", हे कानावर पडलं की तुझा पाच वर्षांचा रात्री दिवा घालवू देणार नाही, देव कोणाला हाक मारतोय म्हणून. "शहाण्यासारखा वाग म्हणजे पप्पा बरे होतील", हा तर सौदाच. "रडलं की येशूला आवडत नाही", हे आपल्याला मावशीने सांगितलेलं, आठवतं? आपले वडील गेले तेव्हा तू तीन दिवस रडली नाहीस आणि चौथ्या दिवशी तापाने फणफणलीस. अशी वाक्यं आली की तिथल्या तिथे, हसत, पोरांसमोरच खोड. माणसं दुखावली तर दुखावू देत.

तेर्स पाच दशकांचा ओढू नकोस. धाकट्यासाठी एक दशक पुष्कळ झालं. वेळ आणि जागा मात्र रोज तीच ठेव, पप्पा हॉस्पिटलात असले तरी, पाहुणे असले तरी. सगळं हललेलं असताना एक गोष्ट जागेवर आहे, हे पोरांना शब्दांपेक्षा जास्त कळतं. दशक झालं की प्रत्येकाने आपलं एक गाऱ्हाणं घालायचं, आपल्याच भाषेत. त्यात दुरुस्ती करायची नाही! आमच्या पोराने पहिल्या रात्री काय म्हटलं माहितेय? "येशू, तू झोपतंस कसो रे?" मी जीभ चावली, पण गप्प बसले. तुझं गाऱ्हाणंही पोरांना ऐकू दे. येशू, मला भीती वाटतेय, मला झोप लागत नाही, असं मोठ्याने म्हण. आई घाबरली की कुठे जाते ते त्यांनी बघायला हवं. बाथरूममध्ये गेलेली आई त्यांना दिसत नाही, फक्त लावलेलं दार दिसतं.

आणि हातांना काम दे. आम्ही बारा दिवस रोज शेजारी पेज पोचवली, भांडं आमच्याच पोराने न्यायचं. तिथे जाऊन काय बोलायचं हे मी शिकवलं नाही, तो बोललाही नाही. दोघं मुलगे अंगणात पडलेल्या झावळ्यांचे हीर काढत बसायचे. तुझी थोरली पप्पांच्या गोळ्यांची वही ठेवू शकते, अक्षर सुंदर आहे तिचं. ऑपरेशनच्या आधी तिला पप्पांना एकदा भेटू दे, नळ्या लागण्याआधी. आणि नंतर महिनाभर झोप, जेवण, शाळा यांपैकी काही बिघडलेलंच राहिलं तर डॉक्टरांना दाखव. त्याला विश्वास कमी पडला असं जे म्हणतील, त्यांना माझा नंबर दे.

मला सगळं जमलं असं समजू नकोस. त्या वर्षी पावसाळाभर मला स्वतःला तेर्स जमत नव्हता. मणी बोटातून सरकायचे आणि मन किनाऱ्यावर. पोरगा म्हणायचा म्हणून म्हणत होते.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री साडेसातला फोन लाव आणि स्पीकरवर ठेव, इथून आम्ही सगळे असू. शेजारच्या वहिनीही येतो म्हणाल्यात. त्यांचा मुलगा पण असेल, तो आणि आमचा संध्याकाळी गरी टाकायला धक्क्यावर जातात, वेळेवर परत आले तर. आमच्याला आता मिसरूड फुटलीय, सगळ्यांसमोर प्रार्थना म्हणायला लाजतो. पण दशक संपल्यावर शेवटी "आणि दुसऱ्या होड्या" एवढं अजून तोच म्हणतो, दुसऱ्या कोणाला म्हणू देत नाही. तुझ्या पोरांनी विचारलं, कुठल्या होड्या, तर त्यालाच सांगू दे.