लंबकाचा खरा हिशेब

गणिताच्या वहींत चूक दोन प्रकारची असते. एक आकडेमोडीची, ती शिक्षकाच्या तांबड्या शाईस तत्काळ सांपडते. दुसरी रीतीची, हींत प्रत्येक बेरीज बरोबर असूनहि उत्तर खोटें येतें. या दुसऱ्या चुकीविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहीत आहों.

लंबकाचें लहानसें आंदोलन घ्या. तो मध्यापासून जितका दूर, तितकी त्यास मागें ओढणारी प्रेरणा अधिक. वेगामुळें स्थान बदलतें आणि स्थानामुळें वेग बदलतो. असा क्षणोक्षणींचा संबंध ज्यांत मांडितात, त्यास अवकल समीकरण म्हणतात. पुष्कळ समीकरणें सूत्रानें सुटत नाहींत; तेव्हां काळाचे तुकडे पाडून पावलापावलानें पुढें जावें लागतें. बाझल येथें १७०७ सालीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं जन्मलेल्या लेओनार्ड ऑयलर यानें ही रीत १७६८ सालच्या आपल्या ग्रंथांत दिली आहे.

मापें सोयीचीं घेऊं. आरंभीं स्थान १, वेग ०, व काळाचें पाऊल १. जुन्या स्थानांत जुना वेग मिळवावा, म्हणजे नवें स्थान. जुन्या वेगांतून जुनें स्थान वजा करावें, म्हणजे नवा वेग. ऑयलरच्या या रीतीनें (स्थान, वेग) अशा जोड्या येतात त्या येणेंप्रमाणें:

(१, ०), (१, −१), (०, −२), (−२, −२), (−४, ०), (−४, ४), (०, ८).

स्थान व वेग यांच्या वर्गांची बेरीज ही ऊर्जेची खूण होय. घर्षण नसतां ती कायम राहिली पाहिजे. येथें ती सहा पावलांत १ ची ६४ झाली! कोणी म्हणेल, पाऊल फार मोठें घेतलें. बरें, एक दशांश घेऊं. तरीहि दर पावलास ही बेरीज १.०१ पट होते, आणि सुमारें ६३ पावलांच्या एका आवर्तनांत १.८७ पट. लहान पावलानें चूक लांबणीवर पडते, नाहींशी होत नाहीं. कारण ती नेहमीं एकाच बाजूस पडते.

आतां रीतींत एवढाच पालट करा: प्रथम वेग नवा काढा, आणि स्थानांत जुन्या वेगाऐवजीं हा नवा वेग मिळवा. पाऊल पुनः १ च.

(१, ०), (०, −१), (−१, −१), (−१, ०), (०, १), (१, १), (१, ०).

सहाव्या पावलास लंबक स्वस्थानीं परत आला! वर्गांची बेरीज १ व २ यांच्यामध्यें खालींवर होते, पण वाहवत नाहीं. तिच्यांतून स्थान व वेग यांचा गुणाकार वजा केल्यास प्रत्येक वेळीं १ च उरतो. विद्यार्थ्यांनीं तो स्वतः करून पाहावा. ही रीतहि निर्दोष नव्हे. खरें आवर्तन सुमारें ६.२८ एककांचें, हिनें ६ चें दाखविलें. आणि पाऊल २ किंवा अधिक घेतल्यास हीहि कोसळते. परंतु पाऊल त्याच्या आंत असतां लंबकाचा लंबकपणा ती राखते.

हें तत्त्व न्यूटनच्या १६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथांतहि दिसतें. ग्रह कांहीं काळ सरळ जातो, तेथें पोंचल्यावर त्यास सूर्याकडे धक्का बसतो, आणि नव्या वेगानें तो पुढें सरकतो, अशी कल्पना त्यानें केली. मार्ग कितीहि कोनाकोनाचा असला, तरी समान काळांत समान क्षेत्रफळ हा केप्लरचा नियम तींत तंतोतंत टिकतो. अशा नियम राखणाऱ्या रीतींच्या कुळांतील एका रीतीनें जॅक लास्कर व मिकाएल गास्तिनो यांनीं २००९ सालीं सूर्यमालेचीं पुढील ५ अब्ज वर्षें संगणकावर २,५०१ वेळां, आरंभ किंचित् किंचित् बदलून, गणिलीं. त्यांपैकीं सुमारें शेंकडा एका गणनेंत बुधाची कक्षा अतिशय लांबट झाली. रीतच ऊर्जा वाढविणारी असती, तर हा धोका ग्रहाचा कीं हिशेबाचा, हें कोणी सांगावें?

म्हणून उत्तर मिळतांच समाधान मानूं नये. सृष्टिकर्त्यानें जें टिकावें म्हणून नेमिलें, तें आपल्या हिशेबांत टिकलें काय, हा प्रश्न आधीं विचारावा. मोठी पण उभय बाजूंस फिटणारी चूक एक वेळ परवडते. लहान पण नित्य एकाच बाजूस झुकणारी चूक शेवटीं सर्व हिशेब बुडविते. आणि हें केवळ लंबकाविषयींच खरें आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.