खुर्ची लाखांची, बिल हजारांचं

प्रश्न : मी नाशिकला राहतो, नुकताच निवृत्त झालो. मुलीच्या नव्या घरासाठी मुंबईतल्या जुन्या फर्निचरच्या एका व्यापाऱ्याकडे ‘चंदीगड चेअर’ पाहिली. बसकी आरामखुर्ची, सागवानी, वेताची वीण, उलट्या ‘व्ही’सारखे पाय. पिएर जानरे यांच्या काळातली अस्सल, सरकारी लिलावातून आलेली, असं व्यापारी सांगतात. किंमत 3,40,000 रुपये. परदेशात अशा खुर्च्या याहून कितीतरी महाग जातात म्हणे. अस्सल कशी ओळखावी? गुंतवणूक म्हणून कशी आहे? बिल 15,000 चं करू, बाकी रोख द्या, जीएसटी वाचेल, असं त्यांचं म्हणणं. यूपीआयने 40,000 इसार दिला आहे. घरी अजून बोललो नाही. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं तर पुरेल ना?
— वि. ग., नाशिक

उत्तर : तुमचे प्रश्न तीन-चार आहेत, पण उत्तर द्यायला हवं ते ‘घरी अजून बोललो नाही’ या वाक्याला. इसार दिल्यापासून तुम्हाला धाकधूक लागली आहे आणि ती रास्त आहे. आज संध्याकाळीच घरी सांगा. त्यानंतरचं काम कागदांचं.

अस्सलपणाचं आधी उरकतो, कारण त्यात तुम्हाला वाटतं तेवढं हाती लागणार नाही. वास्तुविशारद जानरे हे चंदीगड शहराचे रचनाकार ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ. 1951 ते 1965 ते चंदीगडला होते. तिथल्या कचेऱ्या, महाविद्यालयं, न्यायालयं यांच्यासाठी हे फर्निचर बनलं, आणि ते स्थानिक सुतारांच्या वेगवेगळ्या कारखान्यांत बनलं. त्यामुळे ज्यावर बोट ठेवावं असा एकच कारखाना किंवा एकच शिक्का नाही. मागच्या पट्टीवर रंगवलेली खात्याची अक्षरं आणि नंबर एका दुपारी रंगवता येतात. लाकूड जुनं आहे म्हणाल, तर पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि खांब बाजारात मिळतात. त्या सागवानाचं वय खरंच मोठं असतं, खुर्चीचं नसतं. वेत नवा असला तर मात्र घाबरू नका, वापरातल्या खुर्चीचा तो बदलावाच लागतो.

तुम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा आहे : ही खुर्ची विकायचा हक्क या माणसाकडे आहे का, आणि तो काय विकतोय हे बिलावर लिहून देईल का?

हक्काचं ऐका. चंदीगडच्या सरकारी खात्यांनी या खुर्च्या अनेक वर्षं भंगार म्हणून लिलावात काढल्या, त्यामुळे कायदेशीररीत्या बाहेर पडलेल्या खुर्च्या आहेतच. 2011 साली केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारसा-फर्निचरची विक्री थांबवायला सांगितलं. शिवाय तिथे या खुर्च्यांच्या चोऱ्यांचे गुन्हेही नोंदले गेले आहेत. 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 27 सरळ आहे : विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोरीची निघाली, तर तुम्ही कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजले असले तरी पोलीस खुर्ची मुद्देमाल म्हणून उचलतील आणि तुम्ही पैशांसाठी व्यापाऱ्यामागे फिराल. पुरावस्तू कायदा इथे आड येत नाही, कारण त्यासाठी फर्निचर शंभर वर्षांचं लागतं. काही व्यापारी हे वाक्य फार मोठ्याने ऐकवतात. पुरावस्तू नसणं म्हणजे चोरीची नसणं नव्हे.

म्हणून लिलावाचा कागद मागा आणि तो नीट वाचा. त्यावर ‘निरुपयोगी लाकडी फर्निचर, इतके नग’ एवढंच असेल, तर त्याच झेरॉक्सवर वाटेल तितक्या खुर्च्या विकता येतात. खातं, तारीख, लॉट क्रमांक हवा, आणि खुर्चीवरची अक्षरं त्याच खात्याची हवीत. लिलावात घेणाऱ्यापासून या व्यापाऱ्यापर्यंतची बिलंही पाहा. मधलं एक गायब असेल तर का, ते विचारा.

आता बिल. माणसं बुडताना मी पाहिली आहेत ती इथे, बनावट खुर्चीपायी नव्हे. फोनवर ‘हंड्रेड पर्सेंट ओरिजिनल’, आणि बिलावर ‘जुनी लाकडी खुर्ची, 1 नग, जशी आहे तशी’. माल विक्री कायद्याचंच कलम 15 म्हणतं, वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. पण वर्णनच ‘जुनी लाकडी खुर्ची’ असेल, तर तुम्हाला जुनी लाकडी खुर्ची मिळालेली आहे! तक्रार कशाची करणार? आणि रक्कम 15,000. उद्या ग्राहक आयोगात गेलात, तर दिलेली किंमत म्हणून हातात तेवढाच कागद. उरलेले तीन लाख तुम्ही कोणाला दिले, हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. इसाराचे 40,000 निदान यूपीआयवर दिसतात, तेवढं बरं झालं. एका व्यवहारात 2 लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. दंड घेणाऱ्याला होतो, पण नोटा हातात पडल्या की तो तुम्हाला ओळखही दाखवणार नाही. वाचतोय तो त्याचा कर, आणि जातोय तो तुमचा पुरावा.

गुंतवणूक? नको. हा शब्द व्यापाऱ्याला लिहितानाही वापरू नका. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, आणि समोरचा वकील तुमचाच मेसेज वाचून दाखवेल. परदेशी लिलावात पाठवायची स्वप्नं सोडा.

स्टॅम्पपेपर : पाचशेच्या कागदावर खोटंही तितक्याच सुबक अक्षरात लिहिता येतं. साधं, पूर्ण किमतीचं जीएसटी बिल त्याहून भारी.

आज व्यापाऱ्याला व्हॉट्सअॅप करा : ‘खुर्ची चंदीगडच्या सरकारी कचेरीतली, 1950-60 च्या दशकांतली, लिलावातून आलेली असं आपण सांगितलंत. हे वर्णन, खुर्चीवरची अक्षरं आणि 3,40,000 ही पूर्ण किंमत बिलात लिहून, सोबत लिलावाच्या कागदाची प्रत द्याल ना? बाकी रक्कम बँकेतून देतो.’ हो म्हणाला, तर बिल आधी, पैसे नंतर. टोलवाटोलवी केली, तर सौदा रद्द आणि इसार परत, असं त्याच दिवशी लिहा. नाहीच दिला, तर वकिलाची नोटीस आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची आहे. तोवर फोन बदलू नका, मेसेज पुसू नका.

आणि मुलीला हवी ती बसायला खुर्चीच असेल, तर याच घाटाची नवी, ‘नवी’ म्हणूनच विकली जाणारी घ्या. आपल्याकडे नोंदणीकृत डिझाइनचं संरक्षण फार तर 15 वर्षं चालतं, त्यामुळे त्या घाटाची खुर्ची बनवणं ही चोरी नाही. फक्त जुनी म्हणून विकली तर फसवणूक.