शाळेचा वाद्यवृंद परदेशी नेताना

प्रश्न : शाळेचा वाद्यवृंद युरोपात न्यायचा आहे. तयारी कशी करावी? – संगीत शिक्षक, वाडी (नागपूर)

उत्तर : दौऱ्याची पहिली पायरी म्हणजे यजमान संस्थेचे लेखी निमंत्रण. मग पासपोर्ट. अठरा वर्षांखालील मुलांच्या अर्जाला पालकांचे संमतिपत्र जोडावे लागते. प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपुरातच आहे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा हवा. वाद्यांसाठी ‘फिक्की’ या उद्योग संघटनेकडून ‘एटीए कार्नेट’ घ्यावे. ते असले की तात्पुरत्या नेलेल्या वाद्यांवर तेथे सीमाशुल्क लागत नाही. शिसमाच्या तयार तबल्याला 2019पासून ‘साइट्स’ या संकटग्रस्त वन्यजीव-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परवान्यातून सूट आहे. प्रत्येक मुलाची औषधे व पालकांचे दूरध्वनी क्रमांक सोबतच्या शिक्षकांकडे असावेत. मुलांची जबाबदारी शाळेचीच. ती प्रवासी कंपनीवर सोडू नये.