बास गिटारसाठी ॲलन की कशी निवडायची? (आणि दीडशे रुपयांच्या चावीने मला शिकवलेला धडा)



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एका बास गिटारची सेटिंग करून दाखवली. व्हिडिओत हात दिसतो, पण मापं लक्षात राहत नाहीत, म्हणून ती सगळी इथे लिहून देते आहे. ज्यांना वाद्यांचं दुकान काढायचं आहे किंवा घरून रिपेअरिंगचं काम सुरू करायचं आहे, त्यांनी हा लेख सेव्ह करून ठेवा. ज्यांचा गिटारशी काहीच संबंध नाही, त्यांनीही वाचा. हत्यार निवडायची पद्धत सायकलच्या दुकानात, फर्निचर फिटिंगमध्ये किंवा शिलाई मशीनच्या दुरुस्तीत हीच असते.

आधी माझी चूक सांगते

दुकान सुरू करून दुसरं वर्ष होतं. ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक मुलगा त्याचा बास घेऊन आला. "ताई, तारा फार वर आल्यात, बोटं दुखतात. शनिवारी प्रोग्रॅम आहे." मी म्हटलं, ठेवून जा, पाचशे रुपये होतील.

माझ्याकडे तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला मिलिमीटरचा एकच संच होता. ४ मिमीची चावी नेकच्या टोकाच्या भोकात सैल वाटली. ५ मिमीची जात नव्हती. ४.५ मिमीची गेली. थोडी हलत होती, पण गेली. मी म्हटलं, चला, काम होतंय ना!

पहिला पाव फेरा बरोबर फिरला. दुसऱ्याला 'कट्' असा आवाज आला आणि चावी आतल्या आत गोल फिरायला लागली. आतल्या षटकोनी खाचेचे कोपरे गेले होते.

तो नट ३/१६ इंचाचा होता, म्हणजे ४.७६ मिमी. योग्य चावी तेव्हा दीडशे रुपयांच्या आत मिळत होती. माझा खर्च काय झाला? मुंबईच्या कारागिराची मजुरी ३,५०० रुपये, जाण्या-येण्याचं कुरियर ९०० रुपये. एकूण ४,४००. म्हणजे जवळपास नऊ सेटिंगची मजुरी एका झटक्यात गेली. त्या मुलाला शनिवारसाठी दुकानातला विक्रीचा बास दिला, तो सेकंडहँड झाला ते वेगळंच. पण मी त्याला खरं सांगितलं, माझी चूक आहे म्हणून. तो आजही माझा गिऱ्हाईक आहे. 'बास आधीच खराब होता' असं सांगितलं असतं, तर आज तो माझ्या दुकानाची पायरी चढला नसता.

ॲलन की बासमध्ये कुठे कुठे लागते?

मुख्यतः दोन ठिकाणी.

१) *ट्रस रॉड.* नेकच्या आत लोखंडी सळई असते. बासच्या चार जाड तारा मिळून नेकला साधारण सत्तर-ऐंशी किलोच्या ताणाने ओढत असतात. त्या ओढीने नेक पुढे वाकते, आणि ही सळई तिला मागे धरून ठेवते. सळईचा नट घट्ट केला की नेक सरळ होते, सैल केला की नेकला बाक येतो. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड दमट हवेने हलतं, त्यामुळे जूनमध्ये बरोबर असलेला बास गणपतीपर्यंत पुन्हा सेटिंगला येऊ शकतो. दुकानदारासाठी हे वर्षातून दोनदा येणारं काम आहे.

२) *ब्रिजची सॅडल.* प्रत्येक तार एका छोट्या ठोकळ्यावर टेकलेली असते. त्या ठोकळ्याला दोन बारीक स्क्रू असतात, त्यांनी तारेची उंची कमी-जास्त होते. इथे एकदम बारीक चावी लागते.

याशिवाय काही बासच्या आवाजाच्या नॉबला बाजूने बारीक ॲलन स्क्रू असतो. पिकअपची उंची आणि तारेची लांबी मात्र बहुतेक वेळा साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने होते.

खरी गोची: इंच आणि मिलिमीटर

पहिला यशस्वी इलेक्ट्रिक बास लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत बाजारात आणला, आणि अमेरिकेत मापं इंचात. नंतर जपान, कोरिया, इंडोनेशिया, चीन इथे बास बनायला लागले, तिथे मापं मिलिमीटरमध्ये. त्यामुळे आपल्या काउंटरवर दोन्ही प्रकार येतात. नाव एकच असलं तरी कारखाना वेगळा असेल तर माप वेगळं असू शकतं. म्हणून हेडस्टॉकवरचं नाव वाचून चावी उचलायची नाही.

चावीचं माप म्हणजे तिच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर. आपल्या हार्डवेअरवाल्यांच्या भाषेत इंचाचे आठ सूत. तो हिशोब डोक्यात ठेवा:

- १/१६ इंच (अर्धा सूत) = १.५९ मिमी. फसवी चावी: १.५ मिमी
- १/८ इंच (एक सूत) = ३.१८ मिमी. फसवी चावी: ३ मिमी
- ३/१६ इंच (दीड सूत) = ४.७६ मिमी. फसवी चावी: ४.५ मिमी
- ५/३२ इंच (सव्वा सूत) = ३.९७ मिमी. ४ मिमीशी जवळपास सारखी
- ०.०५० इंच = १.२७ मिमी. सॅडलच्या बारीक स्क्रूसाठी

पहिल्या तीन ओळी नीट बघा. तिन्ही ठिकाणी मिलिमीटरची चावी साधारण साडेपाच टक्के लहान आहे. ती आत *जाते*, म्हणूनच आपण फसतो. जी चावी जातच नाही ती नुकसान करत नाही. जी जाते पण हलते, ती कोपऱ्यांवर घासते आणि खाच गोल करते. मी फसले ती तिसऱ्या ओळीवर.

चौथ्या ओळीत फरक ०.०३ मिमीचा आहे. तिथे चावी हाताने सहज आणि पूर्ण आत बसली तर चालते. पण ठोकून बसवायची नाही.

कुठल्या बासला साधारण काय?

हा अंदाज आहे, शेवटी मोजूनच ठरवायचं.

- अमेरिकी मापाच्या फेंडर बासवर ट्रस रॉडला बरेचदा ३/१६ इंच.
- आशियात बनलेल्या बासवर बरेचदा ४ किंवा ५ मिमी, आणि सॅडलला १.५ मिमी.
- गिब्सन पद्धतीच्या नेकवर बाहेरून बसणारा षटकोनी नट असतो. तिथे ॲलन की चालत नाही, ५/१६ इंचाचा पाना लागतो.
- म्युझिक मॅनच्या बासवर नेकच्या तळाशी भोकं असलेलं छोटं चाक असतं. त्यात बारीक सळई घालून फिरवायचं.
- जुन्या पद्धतीच्या काही फेंडरवर फुलीची खाच असलेला नट नेकच्या तळाशी असतो. त्यासाठी नेक खोलायला लागते. नवशिक्यांनी हे काम सुरुवातीला घेऊ नये.

माप शोधायची माझी पद्धत

१. भोकात टॉर्च मारून बघा. धूळ, लाकडाचा भुसा असेल तर फुंकून किंवा बारीक ब्रशने काढा. अर्धवट आत गेलेली चावी बरोबर मापाची असली तरी खाच खराब करते.

२. मोठ्या चावीपासून खाली या. लहानापासून वर गेलात तर पहिली जी बसेल तीच बरोबर वाटते. मोठीपासून खाली आलात तर पहिली जी *पूर्ण आत* जाते ती तुमची.

३. डाव्या-उजव्या बाजूला हलकेच हलवा. सळई फिरवायची नाही, फक्त चाल बघायची. टकटक हलत असेल तर थांबा आणि दुसऱ्या पद्धतीच्या मापातली शेजारची चावी लावून बघा. मिमी हलत असेल तर इंच, इंच हलत असेल तर मिमी.

४. माप रजिस्टरमध्ये लिहा. बासचं नाव, मॉडेल, ट्रस रॉडचं माप, सॅडलचं माप. माझं रजिस्टर आता माझ्या दुकानातलं सगळ्यात किमती हत्यार आहे.

फिरवताना

बास आधी सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, आणि जिथे नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर सगळ्यात जाड तार दाबा. आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात फीलर गेज घालून बघा. साधारण ०.३ मिमीची फट चांगली. जास्त असेल तर नट घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. मग पुन्हा सुरात लावा आणि पुन्हा मोजा. नट जड वाटला तर जोर वाढवायचा नाही, तारा सैल करून बघा. तरीही हलला नाही तर काम परत करा. "हे माझ्याकडे होणार नाही" म्हणायला पैसे लागत नाहीत.

नेक झाली की मगच सॅडल. सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण २.४ मिमी, बारीक तारेखाली २ मिमी, इथून सुरुवात करा. मग वाजवणाऱ्याला वाजवायला द्या आणि त्याच्या हाताप्रमाणे कमी-जास्त करा.

खरेदी कशी करायची?

साठ तुकड्यांची चकचकीत पेटी घेऊ नका. त्यातल्या पन्नास वस्तू तुम्हाला कधीच लागणार नाहीत. दोन संच घ्या: एक मिलिमीटरचा १.५ पासून ६ पर्यंत, एक इंचाचा ०.०५० पासून १/४ पर्यंत. दोन्ही क्रोम व्हॅनेडियम किंवा एस-टू स्टीलचे. दुकानात उभं राहून प्रत्येक चावीचं टोक बघा. कडा धारदार आणि सपाट पाहिजेत, पॉलिशने गोल झालेल्या नकोत. जमलं तर खिशात डिजिटल कॅलिपर ठेवा आणि दोन-तीन चाव्या तिथेच मोजा.

गोल टोकाची चावी तिरकी घालता येते, म्हणून आकर्षक वाटते. सॅडलसाठी ती ठीक आहे. पण ट्रस रॉडवर जोर लागतो आणि गोल टोक कमी जागेवर टेकतं. तिथे सपाट टोकच वापरा. दोन्ही संचांना वेगळ्या रंगाची टेप लावा. माझ्याकडे मिमीला निळी, इंचाला लाल.

आणि चावी झिजली की फेकून द्या. आपल्याकडे हत्यार फेकायला जीव होत नाही, मला कळतं. पण गोल झालेली चावी गिऱ्हाईकाचा बास खाते.

आता हिशोब

समजा दोन संच, फीलर गेज आणि स्टीलची पट्टी मिळून ३,००० रुपये गेले. एका सेटिंगचे ६०० घेता. तेल, कापड वगैरे ४० रुपये. उरले ५६०. सहाव्या कामाला हत्यारांचे पैसे वसूल, असं बरेच जण सांगतील.

पण तुमची मजुरी कुठे गेली? एका सेटिंगला दीड तास लागतो. तुमच्या तासाची किंमत २०० रुपये धरली तर ३०० गेले. उरले २६०. म्हणजे हत्यारं बाराव्या कामाला वसूल होतात. बीबीएला ब्रेक-इव्हनचं सूत्र मी पाठ केलं होतं, पण ते समजलं या काउंटरवर बसून. स्वतःची मजुरी न धरता काढलेला नफा हा नफा नसतो. तो आपणच आपल्याला न दिलेला पगार असतो.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या धंद्यात 'जाते पण हलते' अशी कोणती वस्तू आहे ते शोधा. एखादं हत्यार असेल, एखादा सप्लायर असेल, एखादं सॉफ्टवेअर असेल. चालतंय म्हणून आपण चालवतोय, पण दर वेळी कुठला तरी कोपरा घासला जातोय. ती वस्तू कागदावर लिहा. शेजारी दोन आकडे लिहा: बदलायला किती खर्च येईल, आणि एकदा घसरली तर किती जाईल.

माझे आकडे होते १५० आणि ४,४००. मी ते उशिरा लिहिले. तुम्ही आजच लिहा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत मोजा, लिहा आणि मगच फिरवा!