एका बाजूचा स्विंगआर्म : काम हाती घेण्यापूर्वी

मोटारसायकलच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या भागाला कंपनीच्या पुस्तकात स्विंगआर्म म्हणतात आणि गॅरेजमध्ये चिमटा. काही महागड्या गाड्यांत हा चिमटा एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूने चाक पूर्ण उघडे दिसते. मधला एक मोठा नट काढला की चाक बाहेर येते आणि चेन जागेवरच राहते. ही रचना तरुण ग्राहकांच्या नजरेत भरते, आणि "माझ्या गाडीलाही असाच आर्म बसवून द्या" अशी मागणी घेऊन ते लेथवाल्याकडे किंवा वेल्डरकडे येतात. हे काम नेमके काय आहे, त्यात कोणती मापे घ्यावी लागतात आणि कायद्याने ते कुठे करता येते, हे कारागीर बांधवांना पक्के माहीत असावे. म्हणून हा पाठ.

ही रचना आली कुठून?

एका बाजूने धरलेले चाक आपल्याला नवे नाही. इटलीत १९४६ साली बाजारात आलेली व्हेस्पा स्कूटर कोर्राडिनो दास्कानिओ या विमान अभियंत्याने आखली होती. तिचे पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरलेले होते. मागे तर इंजिनाचा सांगाडाच आर्मचे काम करीत असे. पुण्याच्या बजाज कंपनीची चेतक त्याच घराण्यातली. ज्या मिस्त्रींनी चेतकचे चाक काढून स्टेपनी चढवली आहे, त्यांनी ही रचना हाताळलेलीच आहे.

मोटारसायकलमध्ये बीएमडब्ल्यूने १९८० साली आर ८० जी/एस या गाडीला एका बाजूचा आर्म दिला. त्यात चेनऐवजी शाफ्ट होता. लांब पल्ल्याच्या शर्यतीत चाक झटपट बदलावे लागते. त्या गरजेतून फ्रान्सच्या एल्फ कंपनीने शर्यतीच्या गाड्यांवर प्रयोग केले. पुढे होंडाने १९८७ साली ही रचना व्हीएफआर ४०० आर आणि व्हीएफआर ७५० आर या गाड्यांत आणली. १९९४ च्या डुकाटी ९१६ ने ती जगभर गाजवली.

मात्र डुकाटीनेच २००३ च्या ९९९ मध्ये दोन बाजूंचा आर्म लावला, २००७ च्या १०९८ मध्ये पुन्हा एका बाजूचा आणला आणि २०२५ च्या पानिगाले व्ही ४ मध्ये परत दोन बाजूंचा दिला. म्हणजे एका बाजूचा आर्म सर्व बाबतींत सरस आहे असे नाही. चाक लवकर निघते आणि गाडी देखणी दिसते हे त्याचे फायदे. तितकीच ताकद आणण्यासाठी धातू जास्त लागतो आणि वजन वाढते हा त्याचा तोटा. ग्राहकाला हे आधीच सांगावे.

जोर कुठे येतो?

दोन बाजूंच्या चिमट्यात एक्सल दोन्ही टोकांना टेकलेला असतो आणि चाक मध्ये फिरते. एका बाजूच्या आर्ममध्ये एक्सल भिंतीतून बाहेर आलेल्या खुंटीसारखा असतो. तो चाकाबरोबर फिरतो आणि हबमधल्या बेअरिंगांवरच सारा भार पडतो. शिवाय चाक आर्मच्या बाजूला असल्याने आर्मला पीळ बसतो.

हिशेब करून पाहू. समजा मागच्या चाकावर स्वारासह १८० किलो भार आहे आणि चाकाचा मध्य आर्मच्या मध्यापासून १२ सेंटिमीटर दूर आहे. १८० ला ०.१२ ने गुणले तर २१.६ येतात. खड्ड्यात भार तिप्पट झाला असे धरले तर सुमारे ६५. म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ६५ किलोचे वजन लटकवल्यावर जो पीळ बसेल, तो या आर्मला प्रत्येक मोठ्या खड्ड्यात सोसावा लागतो. जुन्या चिमट्याची एक बाजू कापून दुसऱ्या बाजूला पट्टी मारली की आर्म तयार झाला, असे समजणारा कारागीर ग्राहकाच्या जिवाशी खेळतो.

सुटा आर्म घेऊ नये

युरोपातले कस्टम कारागीर बहुधा होंडा व्हीएफआर किंवा डुकाटीचा तयार आर्म घेऊन दुसऱ्या गाडीला बसवतात. तेव्हा ते पूर्ण संच एकाच गाडीचा घेतात : आर्म, हब, एक्सल, मोठे नट व त्यांच्या क्लिपा, चाक, स्प्रॉकेट व त्याचा रबरी कप्लिंगचा भाग, डिस्क, कॅलिपर व त्याचे ब्रॅकेट, शॉकअप आणि लिंकेज. सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवले तर स्वस्त पडतात असे वाटते, पण लेथची मजुरी ती बचत खाऊन टाकते.

जुना आर्म घेताना तो अपघातातल्या गाडीचा नाही ना, हे पाहावे. रंग काढून तडा तपासणाऱ्या रंगद्रव्याने पिव्हट, हब आणि लिंकेजच्या कानांभोवती पाहावे. केसाएवढा तडा दिसला तरी तो आर्म भंगारात जमा करावा. विक्रेत्याकडून बिल अवश्य घ्यावे. बिल नसलेला माल चोरीच्या गाडीचा निघाला तर उत्तर दुकानदाराला द्यावे लागते.

सहा मापे

१) मध्यरेषा. गाडी सरळ उभी करून चेसिसची मध्यरेषा दोरीने आणि ओळंब्याने काढावी. पुढचे आणि मागचे चाक याच रेषेत हवे. पिव्हटचा बोल्ट आणि मागचा एक्सल एकमेकांना समांतर हवेत.

२) पिव्हट. चेसिसच्या दोन कानांमधले अंतर, बोल्टचा व्यास आणि नव्या आर्मची रुंदी व्हर्निअरने घ्यावी. फरक बुश आणि स्पेसर तयार करून भरून काढावा. आर्म घासून बारीक करू नये.

३) चेनची रेषा. पुढचे आणि मागचे स्प्रॉकेट एका पातळीत हवे. मूळ टायर ११० मिलिमीटर रुंद असेल आणि नवे १८० चे असेल, तर चेन एका बाजूला ३५ मिलिमीटर बाहेर सरकते. तेवढे पुढचे स्प्रॉकेट बाहेर काढले तर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर वाकवणारा जोर वाढतो. म्हणून शक्यतो अरुंद टायर सुचवावे. आर्म ज्या गाडीचा आहे तिची चेन कोणत्या बाजूला आहे हेही आधी पाहावे. बाजू जुळत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

४) लांबी. पिव्हटपासून एक्सलपर्यंतचे अंतर बदलले की दोन चाकांमधले अंतर बदलते आणि गाडीची वळण्याची चाल बदलते.

५) शॉकअप. जुन्या गाडीत एक्सलजवळ दोन उभे शॉकअप असतात. प्रत्येकावर साधारण ९० किलो येतात. नव्या रचनेत शॉकअप एकच आणि पिव्हटजवळ असतो. चाक १२० मिलिमीटर उचलले असता शॉकअप ५० मिलिमीटर दबत असेल, तर प्रमाण २.४ झाले आणि १८० किलोचे अंदाजे ४३२ किलो झाले. तेही एकाच जागी. चेसिसचा जो आडवा पाइप यासाठी बनलेलाच नाही त्यावर ब्रॅकेट चिकटवून भागत नाही. भार मुख्य पाइपांपर्यंत पोचेल असा आधार द्यावा लागतो.

६) ब्रेक. ब्रेक दाबताच कॅलिपर चाकाबरोबर फिरू पाहतो. त्याला आर्मवर किंवा चेसिसवर अडवणारा भक्कम दांडा हवा.

वेल्डिंगचा मोह

हे आर्म बहुधा ॲल्युमिनियमचे आणि उष्णता देऊन मजबूत केलेले असतात. त्यांवर टिगने सुंदर टाका घालता येतो, पण टाक्याशेजारचा धातू नरम पडतो. तो पुन्हा मजबूत करायचा तर संपूर्ण आर्म योग्य भट्टीत जावा लागतो. म्हणून ओतीव आर्मवर वेल्डिंग टाळावे. जोडायचे ते बोल्टने जोडावे, आणि ब्रॅकेट भक्कम ठोकळ्यातून कोरून काढावे.

जुळणी आणि तपासणी

शॉकअपची स्प्रिंग काढून आर्म वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत हाताने हलवावा. टायर, चेन, ब्रेकचा पाइप कुठेही घासता कामा नये. गिअरबॉक्सचे स्प्रॉकेट, पिव्हट आणि एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. ढिलाई त्या स्थितीत तपासावी. चेनचा ताण विकेंद्री हब फिरवून बदलतो, पण त्याबरोबर एक्सल वरखाली होतो, म्हणून ताणानंतर गाडीची उंची पुन्हा मोजावी. हब आवळणारे बोल्ट विसरू नयेत.

मोठा नट टॉर्क पान्यानेच, त्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याइतका आवळावा. आटे उलटे की सुलटे तेही पुस्तकातच पाहावे. छिन्नी-हातोड्याने नट ठोकू नये, आणि क्लिप न लावता गाडी हलवू नये. संपूर्ण चाक या एका नटावर आहे. पहिल्या ५० किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासावा.

कायदा काय म्हणतो?

जर्मनीत असा बदल केल्यावर तज्ज्ञ निरीक्षक गाडी तपासतो आणि बदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत होते. तिथे तो रीतसर मार्ग आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठाम केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो आणि चौकशी गॅरेजच्या दारापर्यंत येऊ शकते.

तेव्हा रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी हे काम घेऊ नये. बंदिस्त ट्रॅकवर किंवा प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी घ्यायचे तर ग्राहकाकडून तसे लेखी घ्यावे आणि बिलावरही लिहावे. अंदाजपत्रकात भाग, लेथ, जिग, बेअरिंग आणि तपासणी यांची मजुरी वेगवेगळी दाखवावी. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय परक्या गाडीचा संच मागवू नये, कारण ग्राहक फिरला तर तो माल दुसऱ्या कोणाला खपत नाही.

मग हे शिकून उपयोग काय?

उपयोग पुष्कळ आहे. एका बाजूचा आर्म कंपनीतूनच घेऊन आलेल्या मोटारसायकली आता आपल्या मोठ्या शहरांतही दिसतात. त्यांचे हबचे बेअरिंग बदलणे, पिव्हटचे बुश करणे, चेनचा ताण योग्य रीतीने ठेवणे ही कामे कायद्यात बसणारी आणि चांगला पैसा देणारी आहेत. मोठ्या नटाचा सॉकेट लेथवर तयार करता येतो. एक्सलच्या पोकळ भोकात खुंटी घालून गाडी उचलणारा स्टँड कोणताही चांगला वेल्डर बनवू शकतो. तो आर्मच्या बाजूने लावला की चाक मोकळे राहते. ज्याच्याकडे व्हर्निअर, डायल गेज, टॉर्क पाना आणि मापे लिहिण्याची वही आहे, त्याने सुरुवात या कामांपासून करावी. शिकाऊ मुलांनाही पहिल्या दिवसापासून मापे वहीत लिहायला लावावीत.