विषयांतर : दोष कोणता, भूषण कोणते?

सज्जनहो, कीर्तनकार विषय सोडून फार बोलतो, अशी श्रोत्यांची तक्रार असते; आणि ती पुष्कळदा खरी असते. म्हणून आज याच गोष्टीचा थोडा विचार करू.

शास्त्राने यात निवड केली आहे. एका विषयानंतर दुसरा का आला, हे दाखविणारा संबंध म्हणजे संगती. संगती सहा प्रकारची. त्यांत एक 'प्रसंग'. चालू विषयावरून जे आठवले आणि ज्याची उपेक्षा करणे योग्य नव्हे, ते सांगणे हा प्रसंग. उलट न्यायसूत्रांत वादातील पराभवाची २२ स्थाने सांगितली, त्यांत 'अर्थांतर' आहे. म्हणजे चालू विषयाशी संबंध नसलेले बोलणे. तात्पर्य, बाहेर जाणे हा दोष नव्हे, संबंध तुटणे हा दोष.

माउलींकडे पाहा. गीतेच्या १३ व्या अध्यायात 'अहिंसा' हा एकच शब्द, पण ज्ञानेश्वरीत त्याचा विस्तार केवढा! आधी इतरांची मते येतात. ऐकणाऱ्याला वाटावे, हे कुठे चालले? पण ती बाजूला सारल्याशिवाय स्वमत उजळत नाही. मग अहिंसक पुरुषाचे चालणे, बोलणे, पाहणे येते. सगळे त्या एका शब्दासाठी!

आता आमची चूक सांगतो. मोहोळात एका सप्ताहात आम्ही नामाचा अभंग घेतला. दृष्टांताला एक विनोदी गोष्ट सांगितली, लोक हसले. हशा गोड लागला, म्हणून दुसरी काढली, तिसरी काढली. वेळ संपली, आरती झाली. मंडपाबाहेर एक आजी पाया पडून म्हणाली, "म्हाराज, पोरगं गेल्यापासनं डोळ्याला डोळा नाही. नाम कसं घ्यावं ते सांगाल म्हणून बसले हुते. ते ऱ्हायलंच की वो!"

आम्ही काय बोलणार? ज्याची उपेक्षा करू नये तेच आम्ही उपेक्षिले होते. दुसऱ्या दिवशी तिच्या ओसरीवर बसून तो अभंग सांगितला.

तेव्हापासून नियम धरला : दृष्टांत संपला की ध्रुपद घ्यायचे. जी गोष्ट ध्रुपदाला जोडता येत नाही, ती कितीही गोड असो, गाळायची. लिहिणाऱ्यानेही हेच करावे.

मोहोळहून पंढरीला निघालेला वारकरी पेनूरला घटकाभर टेकतो, पाणी पितो. त्याला कोणी वाट चुकला म्हणत नाही. उठल्यावर तोंड पंढरीकडे असले म्हणजे झाले.

रामकृष्णहरी.